वेल्डनची मतदारयादी

वेल्डन गावाचं कार्यालय म्हणजे ऑर्फा गेडिसचं स्वयंपाकघर. कागदोपत्री ते पुढच्या खोलीत होतं, पण पुढच्या खोलीत शेगडी नव्हती आणि व्हरमाँटच्या थंडीत तिथली शाई गोठायची. म्हणून लोक मागच्या दाराने यायचे, बुटांचा चिखल पायपुसण्याला नुसता दाखवायचे आणि थेट टेबलाशी बसायचे. कुणाला कुत्र्याचा परवाना हवा असायचा, कुणाला लग्नाचा दाखला, कुणाची शेजाऱ्याशी कुंपणावरून जुंपलेली असायची. ऑर्फा हाताचं पीठ झटकून वही उघडायची. बारा वर्षं हेच चाललं होतं. त्याआधी तीस वर्षं तिचे वडील इलायहू टटल याच टेबलाशी बसून हेच करायचे, फक्त त्यांच्या हाताला पीठ नसायचं.

कारकुनाची निवड दरवर्षी व्हायची. मार्चच्या पहिल्या मंगळवारी सगळं गाव सभेला जमायचं, रस्त्यांवर भांडायचं, शाळेवर भांडायचं, दुपारी बायकांनी केलेल्या घेवड्यावर ताव मारायचं आणि मधेच कधीतरी हात वर करून ऑर्फाला पुन्हा कारकून करायचं. तिच्याविरुद्ध कधी कुणी उभं राहिलं नाही. गावाचं तिच्यावर प्रेम होतं म्हणून, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एवढी उस्तवार करणारं दुसरं कुणी मिळालं नसतं, हे खरं कारण. सरपंच नाही, वकील नाही, पाद्री दोन गावांत मिळून एक. सगळ्यांची तोंडं ऑर्फाच्या दाराकडे. त्यात गेल्या दोन वर्षांत वॉशिंग्टनहून फॉर्मांचा नुसता पूर आला होता. रस्त्याच्या सरकारी कामावर कोण, मदतीच्या पिठाचा हक्कदार कोण, कुणाची गाय, कुणाचं गवत, सगळं तीन तीन प्रतींत. ज्या अध्यक्षाला डोंगरातल्या या लोकांनी मत दिलं नव्हतं, त्याच्या फॉर्मांवर सही करायला मात्र ते रांग लावत होते. ऑर्फा लिहायची. रात्री उशीला डोकं टेकलं की तिला झोप लागायची नाही, नुसते रकाने दिसायचे.

ती पन्नाशीला आली होती. गुडघे बोलायला लागले होते. नवरा, मर्डो, तीन वर्षं घरात बसून होता. मर्डो गेडिस स्कॉटलंडचा, ॲबर्डीनचा दगडकोर्‍या. शेजारच्या शहरातल्या ग्रॅनाइटच्या कारखान्यात त्याने पंचवीस वर्षं लोकांच्या थडग्यांवर गुलाबाच्या वेली आणि देवदूत कोरले होते. दगडाची धूळ फुप्फुसात बसली ती बसलीच. आता तो खिडकीशी खुर्चीत बसून श्वास घ्यायचा, आणि हेच एक पूर्णवेळ काम होऊन बसलं होतं. म्हणजे ऑर्फाची कारकुनी हीच काय ती घराची मिळकत.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी सांगितलं, आता ह्याला छातीच्या दवाखान्यात पाठवा. जिल्ह्याच्या दवाखान्याचा फॉर्म आला. फॉर्म गावच्या कारकुनाने भरून, शिक्का मारून पाठवायचा होता. ऑर्फाने स्वतःच्याच नवऱ्याचं नाव, वय, धंदा लिहिला. पुढे होतं, नागरिक आहे का? असल्यास कागदपत्रांची तारीख.

"मर्डो, तुझी कागदपत्रं कुठे ठेवलीस रे?"

"कसली?"

"नागरिकत्वाची. तू नाही का आपल्या लग्नानंतर चांगला कोट घालून कोर्टात गेलास? दोघं दगडकोरे होते बघ बरोबर."

मर्डो खोकला. खोकून झाल्यावर म्हणाला, "ते पहिले कागद. आमचा नागरिक व्हायचा विचार आहे, एवढं लिहून देतात. दुसरे कागद पुढे दोन वर्षांनी काढायचे."

"मग काढलेस ना?"

"तेव्हा काम होतं. मग संप झाला. मग पुन्हा काम आलं." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "राहून गेलं, ऑर्फा."

तिने पेन खाली ठेवलं. मर्डोने कधी मत दिलं नव्हतं हे तिला माहीत होतं. मतदारयादी तर तीच लिहायची. पण ती त्याचा हेका समजत होती. सगळे चोर आहेत, मी त्यांतला एक चोर कशाला निवडू, असं तो दर निवडणुकीला म्हणायचा. त्यावर ती हसायची आणि एकटी जाऊन मत देऊन यायची.

"बाईसाहेब, फॉर्मवर 'नाही' लिहा," मर्डो म्हणाला. "दवाखान्याला गावचा रहिवासी असला की पुरे. मेलेला स्कॉट काय अन् मेलेला अमेरिकन काय, खाट तेवढीच अडवतो."

पण ऑर्फा दवाखान्याचा विचार करतच नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर दहा वर्षांपूर्वीचं एक पत्रक होतं. ते तिच्याच खणात होतं. तिने ते काढून आणलं, उगीचच, कारण त्यातला शब्द न् शब्द तिला पाठ होता.

पत्रक राजधानीहून सगळ्या गावांच्या कारकुनांना आलं होतं, १९२४ च्या निवडणुकीआधी. बायकांना मत मिळून चार वर्षं झाली होती, आणि याद्या तपासायचा हुकूम होता. १९२२ च्या आधी जिने परदेशी माणसाशी लग्न केलं आणि जिचा नवरा नागरिक झाला नाही, ती बाई नवऱ्याच्याच देशाची. मग ती याच मातीत जन्मलेली का असेना. तिचं नाव यादीतून कमी करावं. परत नागरिक व्हायचं तर तिने कोर्टात अर्ज करावा, दोन साक्षीदार आणावेत आणि न्यायाधीशाच्या प्रश्नांची उत्तरं द्यावीत.

हे पत्रक वाचून ऑर्फाने त्या वेळी क्षणाचाही विचार केला नव्हता. ती कोट चढवून तडक डेलिया तिबोच्या घरी गेली होती.

डेलिया मूळची प्राउटी. प्राउटी आणि टटल ही घराणी वेल्डनमध्ये एकाच वर्षी आली, एकाच टेकडीवर राहिली. ऑर्फा आणि डेलिया शाळेत एका बाकावर बसायच्या. पुढे डेलियाने लाकूडतोड्या ओनेझिम तिबोशी लग्न केलं. तो क्वीबेकहून आलेला, फ्रेंच बोलणारा, कॅथलिक. गावाने नाकं मुरडली, त्यातलं एक नाक ऑर्फाचंही होतं.

त्या दिवशी डेलिया अंगणात कोंबडीची पिसं काढत होती. ऑर्फाने उभ्याउभ्याच पत्रक वाचून दाखवलं.

"म्हणजे मी आता कुठली?" डेलियाने विचारलं.

"कॅनडाची."

"मी सरहद्द पाहिलीसुद्धा नाही गं."

"कायदा आहे, डेलिया. मी नाही केलेला."

"कोर्टात जाऊन मी काय सांगायचं? ज्या गावात माझी नाळ पुरली, त्या गावाची मी आहे की नाही, ते मला परका माणूस विचारणार?" तिने पिसं बादलीत टाकली. "नाही जाणार मी. खोड माझं नाव. गावात अशा अजून किती आहेत?"

"तू एकटीच," ऑर्फा म्हणाली होती. आणि घरी येऊन तिने लाल शाईने, पट्टी धरून, सरळ रेघ मारली होती.

मर्डोचं नाव तेव्हा तिच्या डोक्यात आलंच नाही. तिने लपवलं नाही की डोळेझाक केली नाही, आणि तीच तर मेख आहे. परदेशी म्हणजे फ्रेंच, परदेशी म्हणजे कारखान्यातले इटालियन. मर्डो आपल्यासारखाच दिसायचा, आपल्याच चर्चमध्ये बसायचा, आपलीच भाषा बोलायचा, थोडी खरखरीत एवढंच. स्कॉट माणसाला कुणी परदेशी म्हणतं का? वेल्डनमध्ये तरी कुणी म्हटलं नसतं. त्या गावात ही चूक कुणाच्याही हातून झाली असती. ती कारकुनाच्या हातून झाली.

आता हिशेब अगदी सोपा होता. ती नागरिक नव्हती. तिची पंधरा वर्षांची मतं खोटी होती. जी नागरिक नाही ती कारकून होऊ शकत नाही. आणि सभा तीन आठवड्यांवर आली होती.

"कुणाला कळणार आहे?" मर्डो म्हणाला. ती कशाचा विचार करतेय हे त्याला न सांगता कळलं. पंचवीस वर्षांचा संसार होता. "वह्या तुझ्याकडे, शिक्का तुझ्याकडे. तू तुझ्या तोंडाने बोलली नाहीस तर देवालाही पत्ता लागणार नाही."

"मला लागलाय ना."

"तू काय, रोज रात्री कशाने ना कशाने जागीच असतेस. त्यात हे एक." मग त्याचा आवाज उतरला. "ऑर्फा, मी काही फार दिवसांचा सोबती नाही. हे काम गेलं तर तू करणार काय? मी मेल्यावर कर काय करायचं ते. तेवढं थांब."

 ती उठून बटाटे सोलायला लागली. तिला मर्डोचा राग आला होता, इतका की सुरी हातातून दोनदा निसटली. एका कागदासाठी एकदा कोर्टाची पायरी चढायची होती, तेवढं या माणसाकडून झालं नाही. आणि त्या रागाखाली एक लाज होती, तिच्याकडे तर तिला बघवतही नव्हतं.

फॉर्म तिने नऊ दिवस तसाच ठेवला. दहाव्या दिवशी 'नाही' लिहून, शिक्का मारून टपालात टाकला. मग सभेसाठी मतदारयादी नव्याने उतरवायला घेतली. दरवर्षी ती हे काम फेब्रुवारीच्या शेवटी करायची. 'ग'पर्यंत आली आणि हात थांबला. गेडिस, ऑर्फा टी. तिने नाव लिहिलं नाही. दोन ओळी कोऱ्या सोडून ती पुढे गेली. यादी पुरी केली, घडी केली. खरं बोलायची तिला हौस होती असं समजू नका. सदाचाराचा तिला कंटाळा आला होता, गावाचाही आला होता. पण ती कोरी जागा भरायला हात उचलत नव्हता, आणि तशीच सोडून स्वस्थही बसवत नव्हतं. थकलेल्या माणसाला खोटं सांभाळणं झेपत नाही, ते रोज उठून सांभाळावं लागतं.

मंगळवारी सकाळी बर्फ वितळून रस्त्यांचा राडा झाला होता. ट्रक रुतले, घोडे रुतले, तरी सभागृह भरलं. पुढे मतदारांचे बाक. मागे, शेगडीच्या पलीकडे भिंतीला लागून, दोन बाक इतरांसाठी: पोरंसोरं, पाहुणे, मजूर आणि डेलिया तिबो. ओनेझिम चार वर्षांपूर्वी झाडाखाली सापडून गेला होता. डेलिया तरीही दरवर्षी यायची. स्वयंपाकाला दोन पातेली घेवडा द्यायची आणि मग मागे विणकाम घेऊन बसायची. ऑर्फाशी तिचं बोलणं होतं, अगदीच नव्हतं असं नाही. "थंडी आहे." "हो, आहे." असं.

सभापती होते हॉलिस व्हीलॉक, सत्तरी उलटलेले. इलायहू टटलचे जिवलग मित्र. त्यांनी ऑर्फाला मांडीवर खेळवलं होतं. हातोडा आपटून त्यांनी नोटीस वाचायला सुरुवात केली. पहिला विषय, सभापतीची निवड, ती झाली. दुसरा विषय, गावचा कारकून.

"नाव सुचवा," हॉलिस म्हणाले, आणि सवयीने ऑर्फाकडेच बघितलं.

"ऑर्फा गेडिस," एसा बिक्सबी बसल्या जागेवरून म्हणाला. एसा दुधाचा धंदा करायचा आणि दरवर्षी तोच तिचं नाव सुचवायचा. "आणि लवकर आटपा, माझ्या गाई वाट बघतायत."

ऑर्फा टेबलामागे उभी राहिली. "हॉलिसकाका, मला उभं राहता येणार नाही."

"बस मग. बसून हो."

लोक हसले. तिने हसणं थांबायची वाट पाहिली आणि सांगून टाकलं. सजवलं नाही, रडली नाही. मर्डोचे दुसरे कागद निघालेच नाहीत. कायदा असा असा आहे. म्हणून लग्नाच्या दिवसापासून मी या देशाची नागरिक नाही. मी पंधरा वर्षं मत दिलं, ते द्यायला नको होतं. यादीत मी माझं नाव घातलेलं नाही. एवढं बोलून तिने टेबलाचा काठ धरला.

 एसा बिक्सबी खो खो हसला.

"टटलची पोर परदेशी! अहो, हिचा पणजोबा इंग्लंडच्या राजाशी लढून लंगडा होऊन आला."

"आता ती त्याच राजाची रयत झाली म्हणे," दुसरा कुणीतरी म्हणाला, आणि सगळं सभागृह हसायला लागलं. हसण्यात खोट नव्हती. त्यांना खरंच मजा वाटत होती. बायकासुद्धा हसत होत्या. ऑर्फाला वाटलं होतं, लोक रागावतील, कुजबुजतील, कुणीतरी उठून जाईल. आठ रात्री तिने त्या सगळ्याची तयारी केली होती. या हसण्याची तयारी तिने केली नव्हती.

हॉलिसनी हातोडा आपटला. "पुरे. ऑर्फा, राजधानीतल्या कुठल्याशा कागदाने वेल्डनचं माणूस परकं होत नसतं. तू आमची आहेस. सगळ्यांना मान्य?"

"हो," सभागृह गरजलं.

"कुणाची हरकत?"

कुणाची नव्हती.

"झालं तर. ये, शपथ घे आणि लिहायला बस."

त्यांनी बायबल पुढे केलं. म्हाताऱ्याचा हात मायेनेच पुढे आला होता. ते एवढंसं अंतर ओलांडलं की सगळं होतं तसं होणार होतं: घर, शेगडी, मर्डोचं औषध, मागच्या दाराने येणारे लोक. ऑर्फाने हात उचललासुद्धा. मग तिची नजर गर्दीवरून मागच्या भिंतीकडे गेली. डेलिया विणत होती. मान वर न करता, भरभर.

"काका," ती म्हणाली, "डेलियाचं नाव मी खोडलं तेव्हा तुम्हीच सभापती होतात."

"त्याचं काय आता?"

"मी सभेत वाचून दाखवलं होतं. तेव्हा कुणी म्हणालं नाही, की ती आमची आहे."

सभागृहात बाक करकरले. हॉलिसनी घसा साफ केला. "ते वेगळं होतं, बाळ."

"कसं वेगळं?"

"अगं, तिचा नवरा..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "तुला माहीत आहे कसं ते."

"हो," ऑर्फा म्हणाली. "माहीत आहे. मला तेव्हाही माहीतच होतं."

आता कुणी हसलं नाही. एसा बिक्सबी आपल्या टोपीच्या आत काहीतरी शोधत होता. ऑर्फाने वाट पाहिली, चांगली मिनिटभर. एकाने उठून म्हणायचं होतं, मग डेलियाचंही नाव घाला. एवढंच. कायद्यात ते बसलं नसतं, पण ऑर्फाचं तरी कुठे बसत होतं? कुणी उठलं नाही. ही माणसं दुष्ट नव्हती हो. ओनेझिम गेला तेव्हा यांनीच डेलियाची लाकडं फोडून दिली होती. पण उठलं कुणी नाही.

ऑर्फाने पेन पुसलं, दौतीला झाकण लावलं, शिक्क्याची डबी हॉलिससमोर सरकवली. मग शाल उचलून ती बाकांच्या मधल्या वाटेने चालू लागली. वाट लहान होती, पण तिच्या गुडघ्यांना ती लांब वाटली. मागच्या बाकावर जागा होती. डेलियाने लोकरीचा गुंडा उचलून मांडीवर घेतला. ऑर्फा बसली.

 पुढे एसाच्या सुनेला लिहायला बसवलं होतं. ती शब्द न् शब्द पुन्हा विचारत होती.

"घरी काय सांगणार?" डेलियाने हळूच विचारलं.

"काय सांगायचं? शिव्या देईल."

"श्वास कुठाय त्याला द्यायला."

ऑर्फाला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. तिने ते पुसले नाहीत. "डेलिया, मी तुझं नाव..."

"ते राहू दे." सुया चालू होत्या. "तू परदेशीण झालीस म्हणून मी दहा वर्षं विसरेन असं समजू नकोस. तेवढी मी चांगली नाही." दोन टाके घालून ती म्हणाली, "कॅनडाचा राजा तो कोण गं?"

"जॉर्ज. इंग्लंडचाच."

"म्हणजे तुझा तोच माझा."

"हो."

"बघ. माझ्या नवऱ्याला तू कधी घरात बसवलं नाहीस, आणि राजा दोघींचा एकच निघाला." ती हे कडू तोंडाने बोलली. ऑर्फाने ऐकून घेतलं. ऐकून घ्यायचंच होतं.

पुढे हॉलिसनी पाचवा विषय वाचला. टेकडीवरची शाळा बंद करायची की ठेवायची. त्याच शाळेत या दोघी एका बाकावर बसल्या होत्या. भांडण झालं, आवाज चढले, एकाने दुसऱ्याच्या बापाचा उद्धार केला. शेवटी हॉलिस म्हणाले, शाळा ठेवावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.

ऑर्फाचा हात वर गेला. तिने विचार करून केला नव्हता; तो आपोआप गेला, जसा दरवर्षी जायचा. ती पुढच्या हातांकडे बघत मनातल्या मनात मोजत होती. तेवढ्यात डेलियाने सुया खाली ठेवल्या, तिचं मनगट धरलं आणि हलकेच खाली आणून तिच्या मांडीवर ठेवलं.

"ऑर्फा," ती म्हणाली, "इथले हात मोजत नाहीत."